काळकाईच्या राईतला शिक्रा

“आला का?” मामंजींनी विचारलं.

“नाही अजून.”

“किती वाजले?”

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घड्याळ त्यांचंच होतं. माझ्या हाताला सैल व्हायचं, म्हणून पट्ट्याला एक जादा भोक पाडून घेतलं होतं. “सात वाजून दहा.”

“काल सहा पन्नासला आला होता. परवा सहा पंचेचाळीसला. येईल. लांब गेला असेल.”

आम्ही जांभळीच्या बुंध्याआड पोत्यावर बसलो होतो. समोर चाळीस पावलांवर बेहड्याचं झाड आणि त्याच्या वरच्या बेचक्यात कावळ्याच्या घरट्यासारखं काटक्यांचं घरटं. घरट्याच्या काठावर शिक्र्याची मादी बसली होती. तिच्या पोटाशी तीन पांढरी डोकी हलत होती, आणि तिघांचा मिळून एक बारीक, न थांबणारा चिरका आवाज चालू होता. पिल्लं भुकेली होती. दुर्बिणीतून मला मादीचा पिवळा डोळा दिसत होता. तो ऐनाच्या वाळक्या फांदीवर खिळला होता. नर रोज तिथेच येऊन बसायचा.

त्या दिवशी तो आला नाही. तारीख अकरा मे, साल चौऱ्याऐंशी. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गणपतराव सपकाळ. जंगल खात्यात वनपाल म्हणून तीस वर्षं नोकरी करून ते करंजखोलला आपल्या घरी परतले होते. कोयनेच्या खोऱ्यातलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. आमचं घर गावाबाहेर, काळकाईच्या राईला लागून. देवीची राई असल्यामुळे तिथल्या झाडाला कोणी कोयता लावत नसे. निवृत्त झाल्यापासून मामंजी या राईतल्या शिक्र्यांवर डोळा ठेवून होते. कधी घरटं बांधलं, अंडी किती, नरानं दिवसातून किती वेळा काय आणलं, सगळं खात्याच्या जुन्या जाड वहीत लिहायचे. सात वर्षं लिहिलं. मग काचबिंदू झाला. माझं लग्न होऊन मी या घरात आले तोवर त्यांना दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं.

माझा नवरा जयसिंग लग्नानंतर चार महिन्यांनी बहारीनला गेला. रस्त्याच्या कंपनीत दीड वर्षाचा करार होता. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात मी आणि मामंजी. पहिले काही महिने आमच्यात जेवणाखाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. ते ओसरीवर बसायचे, मी चुलीपाशी.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी ते काठी टेकत एकटेच राईत गेले आणि मुळीला अडखळून पडले. मी धावत जाऊन त्यांना उठवलं. गुडघा फुटला होता. पण त्यांचं लक्ष गुडघ्याकडे नव्हतंच.

“वर बघ,” ते म्हणाले. “आत्ता काहीतरी बोललं. काय दिसतंय?”

“पक्षी आहे एक.”

“पक्षी तर असणारच. केवढा?”

“पारव्याएवढा. पाठ राखी. पोटावर बारीक तांबूस पट्टे.”

“डोळा कसला आहे?”

मी नीट पाहिलं. “लाल. गुंजेसारखा.”

मामंजी तिथेच मुळीवर बसले. रक्त पोटरीवरून ओघळत होतं आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. “नर आहे,” ते म्हणाले. “मादीचा डोळा पिवळा असतो. सांग पुढे.”

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. रोज उजाडताना काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या हातात, असे आम्ही राईत जायचो. मी पाहायची, ते विचारायचे, मी लिहायची. बारावीपर्यंत शिकले होते, अक्षर बरं होतं. त्यांनी मला एकेक गोष्ट शिकवली. शिक्र्याचा नर लहान, मादी मोठी. अंडी घातली की मादी घरटं सोडत नाही; तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट नराच्या पंजात. तो सरडे आणतो, खारीची पिल्लं आणतो, चिमण्या, टोळ, बेडूक, मिळेल ते. पण घरट्यावर फारसा येत नाही. लांबच्या एका ठरलेल्या फांदीवर बसून दोनदा हाक देतो, टिटुई, टिटुई. मग मादी एक लांब सूर काढून उत्तर देते, उडून त्याच्याकडे जाते, शिकार घेते, परत येते आणि फाडून फाडून पिल्लांना भरवते. “त्यानं आणायचं, तिनं भरवायचं. कामं वाटलेली असतात त्यांची,” मामंजी सांगायचे. एवढंसं पाखरू, पण ते राईत शिरलं की खारी ओरडायच्या, बुलबुल झुडपात दडायचे, आणि सगळी राई एकदम गप्प व्हायची. ती शांतता ओळखायलाही मी शिकले.

जयसिंगची पत्रं पहिल्या वर्षी यायची, मग विरळ झाली. दिवाळीनंतर पत्र आलंच नाही. “आता तो फोन करतो,” मामंजींनी मला सांगितलं. गावच्या पोस्टात एक फोन होता. दर गुरुवारी मी मामंजींना काठीनं धरून पोस्टात नेऊन बसवायची आणि दळण घेऊन गिरणीत जायची. गिरणीला गुरुवारी गर्दी असायची. परत आले की मामंजी पोस्टाच्या पायरीवर बसलेले असायचे.

“आला होता का फोन?”

“आला होता. तुझी चौकशी करत होता. लाइन फार खरखरते, दोन मिनिटांत तुटली.”

“काय म्हणाले?”

“बरा आहे म्हणाला. ऊन फार आहे तिकडे.”

एकदा मी दळण घरीच ठेवलं आणि पोस्टात बसून राहिले. त्या दिवशी फोन आला नाही. पोस्टमास्तर लोहार शिक्के मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणाले, “लायनीचं काय खरं नस्तंय वैनी. कवा लागती, कवा न्हाई.” पुढच्या गुरुवारी मी गिरणीत गेले, आणि फोन आला. मी मग थांबायचं सोडलं. मी थांबले की फोन येत नाही, असंच मनानं घेतलं होतं म्हणा ना.

करार मार्चमध्ये संपला. मार्च गेला, एप्रिल गेला. “मुदत वाढवून दिलीय त्याला,” मामंजी म्हणाले. मी रोज घर सारवायची, गोधड्या उन्हात घालायची. सांगवडच्या फाट्यावरून गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. कोणी काही विचारलं नाही, मी कोणाला काही सांगितलं नाही.

आणि मे महिन्यात राईतला नर यायचा थांबला.

दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. मादी पिल्लांवर पंख पसरून उन्हाला आडोसा करत होती. तिची चोच उघडी होती. दुपारी मामंजी झोपल्यावर मी एकटीच राईत गेले आणि ऐनाखाली शोधलं. फार शोधावं लागलं नाही. देवीच्या देवळामागच्या उतारावर पाचोळ्यात पिसं पसरली होती. राखी, आणि शेपटीची, आडव्या काळ्या पट्ट्यांची. एक पंख जवळजवळ अख्खा होता. कुठल्या तरी मोठ्या पाखरानं, मोरघारीनं असेल, त्याला धरून तिथे खाल्लं होतं. मी पिसं पदरात गोळा केली आणि घरी आणून मिठाच्या रिकाम्या बरणीत ठेवली. का ठेवली ते माहीत नाही. मामंजींना संध्याकाळी सांगायचं असं ठरवलं. संध्याकाळी त्यांच्या ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि काहीच बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जांभळीआड बसलो होतो. मामंजी मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. पिल्लांचा आवाज कालच्यापेक्षा बारीक झाला होता. आणि ऐनाच्या बाजूनं स्वच्छ हाक आली. टिटुई, टिटुई.

मामंजींचा हात माझ्या मनगटावर पडला. “आला!”

मी दुर्बीण लावली. ऐनाच्या फांदीवर भृंगराज बसला होता. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला एकेक पीस. हा पक्षी राईतल्या सगळ्यांच्या नकला करतो. मांजराची करतो, खारीची करतो, शिक्र्याची तर अशी करतो की बुलबुल घाबरून पळतात. त्यानं मान वाकडी केली आणि पुन्हा तीच हाक दिली.

“आला ना?” मामंजींनी विचारलं. त्यांचे पांढुरके डोळे नेमके त्या फांदीकडे लागले होते.

“हो,” मी म्हणाले. “आला.”

“काय आणलंय?”

“सरडा.”

“मोठा?”

“मध्यम आहे.”

“लिही मग. सात चाळीस.”

मी लिहिलं. अक्षर नीट आलं. तेरा मे, सात चाळीस, नर, सरडा.

पुढचे पाच दिवस मी रोज नराला आणलं. सकाळी एक सरडा, कधी खार, एकदा टोळ. भृंगराज बोलला तर बरंच, नाही बोलला तर मी म्हणायची, “गुपचूप आला आज.” मामंजी म्हणायचे, “लिही.” दुर्बिणीत मला वेगळंच दिसत होतं. मादी वाळत चालली होती; घरट्याच्या फांदीवर चोचीला लागेल तो किडा तेवढा ती पिल्लांना भरवायची. चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा घरटं सोडून उडाली, चार झाडं पलीकडे गेली आणि लगेच परतली, कारण कावळे आले होते. पिल्लांना एकटं टाकावं तर कावळे, आणि जवळ बसावं तर भूक. सोळा तारखेला घरट्यात दोनच डोकी दिसली. मामंजींनी विचारलं, “तिन्ही ठीक?” मी म्हणाले, “ठीक.”

खोटं मी त्यांच्यासाठी बोलत होते, असं मला तेव्हा वाटायचं. म्हातारा माणूस, डोळे गेलेले, एवढा एकच नाद उरलेला. पण घरी आल्यावर चुलीपुढे बसले की मला त्या मादीचा डोळा दिसायचा. नर येत नाही, एवढे तीन शब्द मी तोंडातून काढलेच नाहीत. ते शब्द एकदा बोलले असते तर राईपुरते राहिले नसते.

एकोणीस तारखेला वारा होता. आम्ही बसलो आणि थोड्याच वेळात बेहड्याखाली पाचोळ्यात धप्प आवाज झाला.

“काय पडलं?” मामंजींनी विचारलं.

मी उठून गेले. दुसरं पिल्लू पडलं होतं. लव जाऊन नुकती पिसं फुटत होती, पोट खपाटीला गेलेलं. अजून ऊब होती अंगात, पण जीव नव्हता. मुंग्या लागायच्या आत मी ते ओंजळीत उचललं आणि मामंजींसमोर येऊन उभी राहिले.

“काय होतं गं?”

मी खाली बसले. ओंजळ त्यांच्या हातात रिकामी केली. त्यांची बोटं त्या एवढ्याशा देहावरून फिरली. छातीच्या हाडावर थांबली. हाड टोचत होतं.

“मामंजी, नर येत नाही,” मी म्हणाले. “अकरा तारखेपासून आलेला नाही. मेलाय तो. पिसं घरात आहेत. एक पिल्लू आधीच गेलं, हे दुसरं. मी रोज खोटं सांगितलं. ती हाक भृंगराजाची होती.”

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मामंजी पिल्लाला हातात घेऊन बसून राहिले.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“भृंगराज होता ते. नर हाक देतो तेव्हा मादी उत्तर देते, मालन. आठ दिवस ती गप्प आहे. आणि पिल्लांची ओरड नर येऊन गेल्यावर थांबते. यांची थांबत नव्हती, नुसती बारीक होत होती. मला डोळे नाहीत, कान आहेत.”

“मग तुम्ही मला लिहायला का सांगत होता?”

त्यांनी पिल्लू हळूच पाचोळ्यावर ठेवलं, हात धोतराला पुसले आणि तोंड दुसरीकडे वळवलं. आंधळ्या माणसाला तोंड वळवायची गरज नसते, पण त्यांनी वळवलं.

“फोनही येत नाही,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“जयसिंगचा. एकही फोन आला नाही कधी. दिवाळीत पत्र आलं होतं माझ्या नावावर. लोहारानं वाचून दाखवलं. तिकडे दवाखान्यात काम करणारी एक बाई आहे, तिच्याशी त्यानं लग्न केलंय. परत येणार नाही. मालनचं वय आहे, तिला माहेरी पोचवा, असं लिहिलं होतं.”

राईत कुठेतरी खार ओरडत होती. मी दिवाळीपासूनचे महिने मोजले. सात. सात महिने मी गोधड्या उन्हात घातल्या होत्या.

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही.”

“नाही.”

“माझ्या जिवाला लागेल म्हणून?”

मामंजींनी हो म्हटलं असतं तर मी बहुतेक त्याच क्षणी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी मान हलवली.

“आधी मीही तसंच म्हणायचो स्वतःला. पण ते खरं नाही. तू माहेरी गेली असतीस. मग मला राईत कोण आणणार होतं? कोण सांगणार होतं डोळा लाल आहे की पिवळा? माझ्यासाठी लपवलं मी.”

मी उठले. काठी तिथेच टाकली आणि चालायला लागले. वीसेक पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं. ते तसेच बसले होते, हाक मारत नव्हते. मी परत आले, काठीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि एक शब्द न बोलता त्यांना घरी आणलं.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, पाणी ठेवलं, अंथरूण घातलं. ते जेवले की नाही तेही पाहिलं नाही. ट्रंक काढली, लुगडी भरली, पुन्हा बाहेर काढली. माहेरी भाऊ होता, वहिनी होती, दोन खोल्या होत्या. मी तिथे काय म्हणून जाणार होते? त्या दोन रात्री मला जयसिंगचा राग यायचा आणि मध्येच त्याच्या पायांचा आवाज आठवायचा. लग्नानंतर तो परड्यातून यायचा तेव्हा मुद्दाम चप्पल घासत यायचा, मला कळावं म्हणून. सगळं कळून चुकल्यावरही माझे कान फाट्याकडेच लागलेले. त्याची मला फार लाज वाटली.

तिसऱ्या सकाळी जाग आली आणि पाय आपोआप राईकडे वळले. मी एकटीच. घड्याळ नव्हतं, वही नव्हती, दुर्बीण तेवढी घेतली.

घरट्यात एक डोकं होतं. मादी नव्हती. मला वाटलं, गेली ही सोडून. मी तिला शोधत राहिले. खूप वेळानं दिसली. घरट्यापासून दूर नाही, किंजळीच्या दाट पानांत, अगदी खोडाला चिकटून. इतकी स्थिर की खोडाचाच भाग वाटावी. आजवर मी तिला फक्त घरट्यावर बसलेली, वाट बघणारी पाहिली होती. शिकार नेहमी नर करायचा. खाली देवळाच्या पायरीवर खारीचं एक जोडपं पळापळ करत होतं. मादीनं मान किंचित पुढे केली. आणि ती सुटली. वरून झेप नाही. फांदीवरून सरळ खाली पडल्यासारखी, जमिनीपासून हातभर उंचीवर आली, दोन खोडांच्या मधल्या फटीतून अंग तिरकं करून निघाली. पंखांचा आवाज मला आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. पाचोळा उडाला. एक किंकाळी झाली. खार तिच्या मानानं फार जड होती. ती तिला घेऊन उठली, पडली, पुन्हा उठली. दोन झाडांवर टेकत टेकत घरट्यापर्यंत पोचली. आणि कावळे जवळ आले तेव्हा खारीवर दोन्ही पंख पसरून तिनं असा आवाज काढला की कावळे लांबच्या फांदीवर जाऊन बसले. मग तिनं पहिला तुकडा फाडला आणि त्या उरलेल्या एका पिल्लाच्या चोचीत घातला. दुसरा तुकडा स्वतः गिळला.

मी धावत सुटले. पदर कुठे, पाय कुठे, भान नव्हतं. ओसरीवर मामंजी बसले होते. मी त्यांच्या समोर जाऊन थांबले तेव्हा मला आठवलं की मी यांच्याशी बोलत नाही.

पण सांगायला दुसरं कोण होतं मला? अख्ख्या करंजखोलात, अख्ख्या जगात म्हणा, मी काय पाहिलं ते कळणारं एकच माणूस होतं.

“मामंजी, तिनं खार मारली.”

ते ताडकन उठून उभे राहिले. “कोणी? मादीनं?”

“मादीनं. किंजळीत दडून बसली होती. जमिनीला लागून उडाली. पिल्लाला भरवलं.”

“स्वतः खाल्लं का?”

“खाल्लं.”

“मग जगेल ते पिल्लू,” मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. “किती वाजता गं?”

“घड्याळ नव्हतं माझ्याकडे.”

ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मीही ओसरीच्या पायरीवर बसून रडले. त्या दोन दिवसांचं, सात महिन्यांचं, सगळं. आम्ही एकमेकांना गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

पिल्लू सात जूनला उडालं. बेहड्यावरून जांभळीवर, एवढंच, आणि तेही वेडंवाकडं. आम्ही दोघं खाली होतो. त्याच आठवड्यात मामंजींनी लोहार पोस्टमास्तरांना घरी बोलावून घेतलं. लोहारांनी पिशवीतून एक कागद काढला. कऱ्हाडच्या अध्यापिका विद्यालयाचा फॉर्म होता.

“मामांनी आट दिसामागं मागवाय लावला हुता,” लोहार म्हणाले. माझ्याकडे बघायची त्यांना अजून हिंमत होत नव्हती. “वैनी, माजंबी चुकलं.”

“मला न विचारता?” मी मामंजींना म्हणाले.

“विचारतोय आत्ता. जाशील?”

“मग तुमचं काय?”

“माझी बहीण येतेय ढेबेवाडीहून. भाकऱ्या करील. राईत नेणार नाही, तिला पाखरांचं वेड नाही. चालेल. मालन, मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं. म्हणून विचारतोय. नाही म्हणालीस तर मला बरंच वाटेल, हेही सांगून ठेवतो.”

मी हो म्हणाले.

पुढे मी एकतीस वर्षं शिक्षिका होते, आधी पाटण तालुक्यात, मग कोरेगावला. पुन्हा लग्न केलं नाही. जयसिंग परत आला नाही. तिकडेच वारल्याचं कोणीतरी कळवलं. त्याचा चेहरा आठवायला आता मला फोटो लागतो. मामंजी मी गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी थंडीत गेले. माझी परीक्षा चालू होती. कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. नवऱ्याची वाट बघणं कधी सुटलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या सकाळी हव्याशा वाटतात. अजूनही. उजाडताना डोळा उघडतो आणि शेजारी कोणीतरी काही विचारेल म्हणून मी थोडा वेळ तशीच पडून राहते.

पण निघाले त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

सांगवडच्या फाट्यावर मामंजी मला सोडायला आले होते. माझी ट्रंक लोहारांनी सायकलवर घालून आणली आणि मामंजींना परत न्यायला ते जरा लांब जाऊन मुकाट्यानं थांबले. आम्ही दोघं दगडावर बसलो. कऱ्हाडची गाडी साडेनऊची होती. मामंजी घसा खाकरून म्हणाले,

“एक विचारू? राग नको धरूस.”

“विचारा ना.”

“तू या घरात आलीस तेव्हा माझे डोळे गेलेलेच होते. राईतलं पान न् पान तू मला सांगितलंस. पण तू दिसतेस कशी, ते मला माहीत नाही. कोणाला विचारणार? सुनेबद्दल असं विचारणं बरं दिसत नाही.”

स्वतःबद्दल असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. जयसिंगनंही कधी काही म्हटलं नव्हतं. मी पदर सारखा केला, जसा काही ते बघणारच होते.

“रंग सावळा,” मी म्हणाले. “उंची बेताची. कपाळ रुंद आहे. उजव्या भुवईवर एक खूण आहे, लहानपणी गोठ्यात पडले होते त्याची. पुढचा एक दात किंचित वाकडा आहे. केस दाट आहेत, पण मऊ नाहीत.”

ते मान कलती करून ऐकत होते, राईत ऐकायचे तसे. मी काही लपवलं नाही आणि काही वाढवलं नाही.

“आणि डोळे?”

“काळे. साधेच आहेत.”

“साधे कसे असतील?” मामंजी म्हणाले. “दोन उन्हाळे मी त्यांनीच पाहिलं.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. उन्हात त्यांच्या गालावरचे पांढरे खुंट चमकत होते. वळणापलीकडे गाडीचा आवाज झाला. तो मला ऐकू यायच्या आधीच त्यांनी काठी सावरली होती.

“चल,” ते म्हणाले. “ट्रंक उचल.”